स्तन काढणे उपचार, मग पुन्हा घडवणे चैन कशी?

अपघातात जबडा मोडलेल्या माणसाचा जबडा डॉक्टर पुन्हा जुळवतात, त्याला कोणी चैन म्हणत नाही. स्टोव्हच्या भडक्यात मान आखडलेल्या सुनेला मांडीची कातडी काढून मानेवर लावतात, त्यालाही कोणी शौक म्हणत नाही. पण कर्करोगामुळे स्तन काढून टाकलेल्या बाईने "हा पुन्हा करता येतो का?" एवढे विचारले, की घरात, दवाखान्यात आणि विमा कंपनीच्या खिडकीवर एकच उत्तर तयार असते : "जीव वाचला ना? आता या वयात ते कशाला?" हे उत्तर वैद्यकशास्त्राचे नाही. ते समाजाचे आहे. आणि सातारा, सांगली जिल्ह्यांतल्या आमच्या बहुसंख्य भगिनींना तर हे उत्तरही मिळत नाही, कारण असा प्रश्न विचारता येतो हेच त्यांना कोणी सांगितलेले नसते.

प्रश्न किती मोठा आहे ते आधी पाहू. भारतातल्या स्त्रियांमध्ये आज सर्वात जास्त आढळणारा कर्करोग स्तनाचा आहे. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना तो नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्याकडे हा आजार कमी वयात गाठतो आणि उशिरा उघडकीला येतो. गाठ दुखत नाही म्हणून बाई सांगत नाही, आणि सांगितले तरी ऊस जाऊ दे, द्राक्षाचा हंगाम जाऊ दे, पोरीचे लग्न होऊ दे, असे म्हणत महिने निघून जातात. गाठ मोठी झाली की स्तन राखून फक्त गाठ काढण्याची शक्यता कमी होते. त्यातच गाठ काढल्यावर आठवडे चालणारे रेडिएशन घ्यायला रोजंदारी बुडवून शहरात कोण ठेवणार, हा प्रश्न येतो. म्हणून जत, आटपाडी, माण, खटाव या दुष्काळी तालुक्यांतल्या बाईचा पूर्ण स्तन जाण्याची भीती मोठ्या शहरातल्या बाईपेक्षा जास्त असते. म्हणजे ज्या बाईला पुनर्रचनेची गरज लागण्याची शक्यता अधिक, तिच्याच कानावर तो शब्द पडत नाही.

आता ही पुनर्रचना म्हणजे नेमके काय, ते साध्या भाषेत सांगतो. एक मार्ग सिलिकॉनची पिशवी आत बसवण्याचा. दुसरा मार्ग बाईच्या स्वतःच्या शरीरातले मांस, चरबी आणि कातडी वापरून स्तन घडवण्याचा. दुसऱ्या मार्गात परकी वस्तू शरीरात राहत नाही. काही वर्षांनी पिशवी फुटली, बदलावी लागली, असा खर्च मागे लागत नाही. वजन वाढले-घटले तर तो स्तनही बाकीच्या शरीराबरोबर बदलतो. या मार्गाच्या तीन पद्धती मुख्य आहेत. पहिलीत पाठीचा रुंद स्नायू त्यावरच्या कातडीसह सोडवून, त्याची रक्तवाहिनी न तोडता, काखेखालून पुढे छातीवर आणतात. दुसरीत बेंबीखालची चरबी आणि कातडी पोटाच्या उभ्या स्नायूसह वर छातीवर नेतात. तिसरीत पोटाचा स्नायू जागेवरच ठेवून फक्त चरबी आणि कातडी रक्तवाहिनीसह पूर्ण वेगळी काढतात, आणि दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या त्या वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली छातीतल्या वाहिन्यांना जोडतात. ही तिसरी पद्धत स्नायू वाचवते, पण तिला तासन्‌तास चालणारी शस्त्रक्रिया, कसबी हात आणि रात्रभर रक्तपुरवठा तपासणारी परिचारिका लागते. पहिल्या दोन पद्धतींना सूक्ष्मदर्शक लागत नाही. ज्या रुग्णालयात प्लास्टिक सर्जन आहे तिथे त्या होऊ शकतात. हा फरक लक्षात ठेवा, कारण "हे फक्त मुंबईतच होते" हे वाक्य तुम्हाला ऐकवले जाईल, आणि ते अर्धेच खरे असेल.

खोटी आशा विकणे हे आमचे काम नाही. नव्या स्तनाला पहिल्यासारखी संवेदना येत नाही. पोटावर किंवा पाठीवर नवा व्रण राहतो. पोटाचा स्नायू घेतला तर पोटाला अशक्तपणा येऊ शकतो, हर्निया होऊ शकतो. पाठीचा स्नायू घेतला तर खांद्याचा जोर कमी होऊ शकतो. ज्या बाईला उद्या मोळी उचलायची आहे किंवा डोक्यावर पाटी घ्यायची आहे, तिला ही गोष्ट आधी सांगितलीच पाहिजे. कधीकधी जोडलेल्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडतो आणि तो काढावा लागतो. मधुमेह आणि तंबाखू हे या शस्त्रक्रियेचे शत्रू आहेत. आपल्या भागात बायका सिगारेट ओढत नाहीत, पण मिश्री लावतात, आणि मिश्रीही तंबाखूच आहे. रेडिएशन घ्यायचे असेल तर अनेक सर्जन ते संपून काही महिने गेल्यावर ही शस्त्रक्रिया करतात. पण उशीर म्हणजे नकार नव्हे. स्तन काढून वर्षे लोटली तरी पुनर्रचना करता येते. तिने कर्करोग उलटतो ही समजूतही निराधार आहे.

काही बायका सगळे ऐकून "नको" म्हणतील. छाती सपाट राहू द्या, किंवा चोळीत विणलेला, कापसाचा किंवा सिलिकॉनचा कृत्रिम स्तन घालीन, असे सांगतील. तोही तितकाच सन्मानाचा निर्णय आहे. आमचे म्हणणे एवढेच, की "नको" म्हणण्यासाठीही आधी कोणीतरी विचारावे लागते. न विचारता मिळालेला नकार हा निर्णय नसतो, ती वंचना असते.

एका जागची कातडी जिवंत ठेवून दुसऱ्या जागी बसवण्याची ही विद्या आपल्याला परकी आहे का? मुळीच नाही. ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये पुण्याजवळच्या एका शस्त्रक्रियेचा सचित्र वृत्तांत छापून आला. कावसजी नावाचा शेतकरी जातीतला एक मराठी माणूस इंग्रजांच्या फौजेत बैल हाकत होता. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापला गेला. वर्षभराहून अधिक काळ तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळ एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी एका बाजूला जोडलेली ठेवून वळवली आणि तिचे नाक घडवले. तो माणूस कोण होता? त्या वृत्तांतात त्याची जात लिहिली आहे : विटा करणारा. त्याचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. तो वृत्तांत वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ मध्ये तशीच शस्त्रक्रिया केली, १८१६ मध्ये पुस्तक लिहिले, आणि युरोपात या विद्येला नवा जन्म मिळाला.

प्लास्टिक सर्जरीचा विषय निघाला की सुश्रुताचे नाव घेऊन छाती फुगवणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. सुश्रुतसंहितेत नाक घडवण्याचे वर्णन आहे, हे खरेच आहे. पण ज्या मनुस्मृतीची पाठराखण हीच मंडळी करतात, तिने तिसऱ्या अध्यायात वैद्याला श्राद्धाच्या पंगतीतून वगळले आहे. रक्तामांसाला हात लावणारा विटाळला, असा तो न्याय. पोथी ज्यांच्या हातात होती त्यांनी कातडीला शिवणे सोडले, आणि हात चालवणाऱ्याला पोथी वाचायची बंदी होती. तरी अठराव्या शतकाच्या अखेरीस ही विद्या विटा थापणाऱ्या हातांत जिवंत होती. आज तीच विद्या कोट्यवधींच्या रुग्णालयांत जाऊन बसली आहे आणि वीटभट्टीवरच्या बाईला तिचा पत्ता नाही. याहून मोठा अन्याय कोणता?

पुढचा प्रवासही सांगण्यासारखा आहे. १८९५ मध्ये व्हिन्सेंट्स चेर्नी या जर्मन सर्जनने एका बाईच्याच शरीरावरची चरबीची गाठ काढून तिच्या स्तनाच्या जागी बसवली. १९०६ च्या सुमारास इटलीच्या तान्सिनीने पाठीच्या स्नायूची पद्धत मांडली. पण त्या काळात अमेरिकेच्या हाल्स्टेड या सर्जनचा दबदबा होता. स्तन, छातीचे स्नायू, काखेतल्या गाठी असे सगळे खरवडून काढायचे आणि वर काही घडवायचे नाही, हा त्याचा दंडक. परिणाम असा, की तान्सिनीची पद्धत कित्येक दशके अडगळीत पडली आणि १९७० च्या दशकात पुन्हा शोधावी लागली. १९८२ मध्ये हार्ट्रॅम्फने पोटाच्या स्नायूची पद्धत प्रसिद्ध केली. १९८९ मध्ये जपानच्या कोशिमाने पोटाचा स्नायू वाचवणारी रचना दाखवली, आणि १९९० च्या दशकात अमेरिकेच्या रॉबर्ट ॲलन यांनी ती स्तनासाठी रूढ केली. विद्या असूनही केवळ वरच्यांना पटली नाही म्हणून दोन पिढ्यांच्या बायका तिच्यापासून वंचित राहिल्या. आपल्याकडे वरच्यांना न पटण्याची परंपरा तर हजारो वर्षांची आहे.

गरीब बाईच्या शरीरातून काही काढायचे असेल तर व्यवस्था किती तत्पर असते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याची माहिती २०१९ मध्ये खुद्द आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत दिली. त्यांत ऊसतोड करणाऱ्या बाया मोठ्या संख्येने होत्या. त्याच बाया दरवर्षी कोयता घेऊन आपल्या सांगली-साताऱ्याच्या फडांत येतात. पाळी नको, खाडा नको, म्हणून अवयव काढायला कोणाला तिचे वय आडवे आले नाही. परत घडवायची वेळ आली की मात्र तिचे वय मोजले जाते.

आता कायद्याचे बोलू. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात निकाल दिला. फक्त तपासणीसाठी संमती दिलेल्या बाईचे गर्भाशय ती भुलीखाली असताना, तिच्या आईची संमती घेऊन काढले गेले होते. न्यायालयाने सांगितले, सज्ञान आणि सुबुद्ध बाईच्या शरीराबद्दलची संमती तिचीच लागते. उपचार काय, त्याचे फायदे-तोटे काय, मोठे धोके कोणते, आणि दुसरे पर्याय कोणते, हे संमतीआधी तिला सांगणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे. आमच्या वकिलीत जी संमतीपत्रे नजरेखालून जातात, त्यांत बहुतेकदा इंग्रजी छापील मजकूर, खाली नवऱ्याची सही आणि कोपऱ्यात बाईचा अंगठा असतो. स्तन काढण्यापूर्वी पुनर्रचनेचा पर्याय सांगितला नाही, तर ती संमती पूर्ण माहितीची नाही, असा आमचा या निकालाचा सरळ अर्थ आहे.

ज्यांच्याकडे खासगी आरोग्य विमा आहे, त्यांनीही कान देऊन ऐकावे. 'कॉस्मेटिक सर्जरी आम्ही देत नाही' असे कंपनी म्हणेल. पण विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये वगळण्याच्या अटींचा जो ठरावीक मसुदा घालून दिला, त्यात सौंदर्याची किंवा प्लास्टिक सर्जरी वगळताना अपवाद स्पष्ट लिहिले आहेत : अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना त्यात येत नाही. आपली पॉलिसी काढून तो परिच्छेद वाचा. दावा फेटाळला तर लेखी कारण मागा, विमा लोकपालाकडे जा, ग्राहक आयोगाकडे जा.

जगाकडे पाहिले तर अमेरिकेने ऑक्टोबर १९९८ मध्ये कायदाच केला. जी विमा योजना स्तन काढण्याचा खर्च देते, तिने पुनर्रचनेचा, दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून दुसऱ्या स्तनावरच्या शस्त्रक्रियेचा, कृत्रिम स्तनाचा आणि हाताला येणाऱ्या सुजेसारख्या गुंतागुंतीचाही खर्च दिला पाहिजे. अमेरिका श्रीमंत आहे, असे कोणी म्हणेल. मग तामिळनाडू पाहा. २०१८ मध्ये तिथल्या सरकारने चेन्नईच्या स्टॅन्ली वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात स्तनांच्या शस्त्रक्रियांची मोफत सोय जाहीर केली. टीका झाली, तेव्हा आरोग्यमंत्र्यांनी उलट विचारले, की असे उपचार गरिबांना का मिळू नयेत? पेरियारांच्या भूमीत हा प्रश्न मंत्री विचारतो. फुले-शाहू-आंबेडकरांच्या भूमीत तो रुग्णाला विचारावा लागतो.

आपल्याकडे योजना नाही असे नाही. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेली योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. जुलै २०२४ पासून ती राज्यातल्या सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते. जोतिरावांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण, आणि सावित्रीबाईंचे माहेर खंडाळा तालुक्यातले नायगाव. दोन्ही गावे सातारा जिल्ह्यातली. प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १८९७ मध्ये सावित्रीबाई गेल्या. त्यांच्याच जिल्ह्यातली बाई त्यांच्या घराच्या नावाने चाललेल्या योजनेचे कार्ड घेऊन उभी राहते, तेव्हा तिला निम्मा उपचार देऊन परत पाठवायचे नसते. योजनेच्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. स्तन काढण्याची मंजुरी मागतानाच पुनर्रचनेचीही मंजुरी मागा, आणि नाकारली तर ते कागदावर घ्या. कागद हातात असला की पुढची लढाई लढता येते.

या योजनेचे दार शिधापत्रिकेने उघडते. इथे सांगली जिल्ह्याचा एक जुना लढा आठवावा लागतो. १९८० च्या दशकात या जिल्ह्यात परित्यक्ता स्त्रियांची चळवळ उभी राहिली. कासेगावच्या इंदुताई पाटणकर त्यात आघाडीवर होत्या. टाकून दिलेल्या बाईला तिच्या स्वतःच्या नावाची शिधापत्रिका मिळावी, ही त्या चळवळीची मागणी होती. तेव्हा ती धान्यासाठी होती, आज ती उपचारासाठीही आहे. कारण स्तन गेला म्हणून बाईला माहेरी आणून सोडणारे नवरे आजही आहेत. अशा नवऱ्यांना आम्ही सांगू इच्छितो, की बौद्धांनाही लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्यात पत्नीचा कर्करोग हे घटस्फोटाचे कारण नाही. आणि आमच्या भगिनींना सांगतो, की पोटगीचा हक्क आजाराने संपत नाही. पूर्वीच्या १२५ कलमाची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ कलमाने घेतली आहे, एवढाच फरक.

चळवळीतलेच काही कार्यकर्ते आम्हाला विचारतील, शिष्यवृत्त्या थकल्या, अत्याचार थांबत नाहीत, आणि तुम्ही हा विषय कुठून काढला? कोणी असेही म्हणेल, की बुद्धाने देह अनित्य सांगितला, मग देहाच्या आकाराची एवढी चिंता कशाला? त्यांना आमचे उत्तर असे. देह अनित्य आहे म्हणून बुद्धाने आजारी भिक्खूला घाणीत पडू दिले नाही. स्वतःच्या हाताने त्याला धुतले. अनित्यतेचा उपदेश दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरवण्यासाठी नाही. आणि बाबासाहेब? २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना त्यांनी बाळंतिणीची विश्रांती हे राष्ट्राचे हित मानले आणि तिचा भार मुख्यतः सरकारने उचलावा असे म्हटले. तेव्हाही ती बायकांची खासगी बाब आहे असे म्हणणारे होते. बाबासाहेबांनी बाईचे शरीर सभागृहाच्या पटलावर आणले, त्याची त्यांना लाज वाटली नाही. आपल्याला 'स्तन' हा शब्द उच्चारायची लाज का वाटावी? महिला मंडळाच्या सभेत, वर्षावासाच्या प्रवचनानंतर, भीमजयंतीच्या आरोग्य शिबिरात हा शब्द मोकळेपणाने उच्चारला गेला, तर गाठ लवकर सापडेल आणि कदाचित स्तन काढण्याची वेळच येणार नाही.

सामग्रीची सबब चालणार नाही. मिरजेत १८९४ पासून मिशनचे रुग्णालय उभे राहिले आणि गाव वैद्यकनगरी झाले. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तिथे १९६२ पासून आहे. सिद्धिविनायकाच्या नावाचे कर्करोग रुग्णालयही तिथेच आहे. कराडला कृष्णा रुग्णालय आहे. साताऱ्यालाही आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. साडेतीनशे किलोमीटरहून दूर मुंबईला, परळच्या फूटपाथवर बिऱ्हाड मांडायला आपल्या बाईने का जावे?

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. मिरज आणि सातारा इथल्या शासकीय महाविद्यालयांत स्तनपुनर्रचनेसाठी प्लास्टिक सर्जनची कायम पदे भरा आणि पाठीच्या व पोटाच्या स्नायूची पद्धत तिथेच सुरू करा. सूक्ष्मदर्शकाची शस्त्रक्रिया लागेल तेव्हा रुग्णाला पुढे पाठवण्याची आणि जाण्या-येण्याच्या खर्चाची जबाबदारी योजनेने घ्यावी. स्तन काढण्याच्या संमतीपत्रात पुनर्रचनेचा पर्याय मराठीत छापा आणि सही बाईचीच घ्या. ज्यांना शस्त्रक्रिया नको, त्यांना कृत्रिम स्तन मोफत द्या. आणि एकल स्त्रीला तिच्या नावाची शिधापत्रिका विनासायास मिळू द्या.

यातल्या पहिल्या कामाला सरकारची वाट पाहावी लागत नाही. तुमच्या वस्तीत ज्या बाईला स्तनाची शस्त्रक्रिया सांगितली आहे, तिच्याबरोबर दवाखान्यात जा. तिला विचारू द्या, "डॉक्टर, माझा स्तन पुन्हा घडवता येईल का? केव्हा? कुठे? कोणत्या पद्धतीने?" हे चार प्रश्न शस्त्रक्रियेच्या आधी विचारायचे आहेत. तिला बोलता येत नसेल तर तुम्ही विचारा, पण उत्तर तिला ऐकू द्या आणि निर्णय तिलाच घेऊ द्या. जय भीम!